घरच्या मशीनसाठी दाबाची कूलंट टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीला दाब द्यायची खरंच गरज आहे का?

प्रत्येक वेळी नाही. लेथवर थेंब-थेंब कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारा द्रव) सोडायचं असेल तर टाकी जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, दीड मीटर वर टांगा आणि खाली एक बारीक वॉल्व्ह लावा. पाण्याच्या एक मीटर उंचीमागे साधारण ०.१ बार दाब मिळतो, थेंबांना तेवढा पुष्कळ झाला. धो धो कूलंट हवं असेल तर बुडीत पंप आणि खाली जमा करणारा ट्रे हाच मार्ग; दाबाच्या टाकीतून ते काम करायला गेलात तर पाच लिटर काही मिनिटांत जमिनीवर असतात.

दाबाची टाकी कामाला येते ती फवाऱ्यासाठी. साध्या ओढणाऱ्या फवारणीत नोझलमधून वेगाने जाणारी हवा कूलंट वर खेचून घेते. त्यासाठी हवा ४-५ बारची लागते आणि थेंब इतके बारीक होतात की निम्मे टूलवर बसण्याऐवजी खोलीत तरंगत राहतात. टाकीतूनच कूलंट ढकललं तर हवेला ओढण्याचं काम उरत नाही. थेंब मोडून ते टूलच्या धारेपर्यंत नेले की झालं, त्याला कमी दाब पुरतो. थेंब जाडसर राहतात, टूलवर बसतात, नाकात जात नाहीत.

दाब किती ठेवायचा?

०.७ ते २ बार. ॲल्युमिनियमवर ६ मिमीच्या एंडमिलने (मिलिंगच्या कापणाऱ्या टूलने) काम करताना १ बारपासून सुरुवात करा; खोल खाचेतून कीस उडत नसेल तरच वाढवा. घरी बनवलेल्या बहुतेक टाक्यांवर गरजेच्या दुप्पट-तिप्पट दाब दिलेला दिसतो, कारण कॉम्प्रेसर तेवढा देतो! काप सुधारत नाही, धुकं मात्र वाढतं.

आत पाणीच तर आहे. फुटलं तर भिजेन, आणखी काय?

धोका पाण्याचा नसतो, वरच्या हवेचा असतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते. ३ बारवर दाबलेली ४ लिटर हवा एकदम सुटली तर साधारण १००० जूल ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे १० किलोचं वजन १० मीटर उंचीवरून पडावं तेवढी. म्हणून टाकी संपत येते तेव्हा ती जास्त धोकादायक असते, भरलेली असताना कमी. बरोबर उलटं वाटतं, आणि तिथेच लोक फसतात.

दुसरा हिशेब झाकणाचा. २ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलोचा भार. २० सेमी व्यासाच्या झाकणावर हा भार ६०० किलोच्या वर जातो. दोन क्लॅम्प आणि एक रबरी पट्टी लावून हे झाकण धरून ठेवायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

मग भांडं कोणतं घ्यावं?

जे मुळातच दाबासाठी बनवलेलं आहे आणि ज्याच्यावर कमाल दाब छापलेला किंवा कोरलेला आहे, तेच. जुगाड जोडणीत करा, भांड्यात नको.

सगळ्यात सोयीचा म्हणजे सोडा भरायचा स्टेनलेस स्टीलचा केग. नेहमीचा मोठा केग १९ लिटरचा असतो आणि त्याच्यावर साधारण ९ बारचा कमाल दाब छापलेला असतो. हवा आत घ्यायचं आणि द्रव बाहेर काढायचं अशी दोन वेगळी तोंडं तयार असतात, द्रवाच्या तोंडाला तळापर्यंत जाणारी नळी असते. झाकण लंबगोल असून आतल्या बाजूने बसतं, म्हणजे आतला दाबच त्याला घट्ट धरतो. दाब असताना ते उघडताच येत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका: झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह केगच्या कमाल दाबाच्या हिशेबाचा असतो. तुमच्या २ बारच्या नळ्यांना आणि जोडांना त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे कमी दाबाचा वेगळा वॉल्व्ह लावावाच लागतो.

दुसरा पर्याय स्टेनलेस स्टीलचं पाण्याचं अग्निशामक नळकांडं. त्यांचा नेहमीचा भरणा ७ बार किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे २ बार म्हणजे त्याला विश्रांतीच. आधी ते पूर्ण रिकामं करा, दाबाचा काटा शून्यावर आल्यावरही हँडल दाबून पाहा, आणि मगच वरचं डोकं हळूहळू सोडवा. नवं डोकं लेथवर पितळेचं किंवा स्टेनलेसचं वळून घ्या, आटे मूळ डोक्यावरून मोजून तंतोतंत तेच. सगळी भोकं या डोक्यात पाडायची. नळकांड्याच्या अंगाला ड्रिल किंवा वेल्डिंग लावायचं नाही. साध्या लोखंडाच्या नळकांड्याला आतून प्लास्टिकचा थर असतो. तो एकदा ओरखडला की गंज आतून खात जातो आणि बाहेरून काही कळत नाही.

रंगकामाचा प्रेशर पॉट मिळाला तर रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून ठरावीक ठेवणारा), काटा, सेफ्टी वॉल्व्ह सगळं तयार मिळतं. जुना असेल तर आतल्या वाळलेल्या रंगाचे पोपडे पूर्ण काढा, नाहीतर ते आयुष्यभर नोझलमध्ये येत राहतील.

बागेत फवारणी करायचा हातपंपाचा स्प्रेयर चालेल?

चालतो, आणि सुरुवातीला तोच घ्या. हलक्या कामाला पुरतो, बहुतेकांना साधारण ३ बारवर उघडणारा वॉल्व्ह असतो. अट एकच: तो हातपंपानेच भरायचा. त्याला भोक पाडून कॉम्प्रेसर जोडू नका. रेग्युलेटरचा पडदा एक दिवस फाटतो आणि ८ बार थेट प्लास्टिकमध्ये जातात.

त्याची अडचण वेगळी आहे, दाब उतरत जातो. समजा ८ लिटरच्या टाकीत ५ लिटर कूलंट आहे आणि ३ लिटर हवा २ बारपर्यंत भरली. त्यातलं ३ लिटर कूलंट वापरलं की हवेला जागा मिळते ६ लिटर, आणि दाब उरतो जेमतेम ०.५ बार (काटा बाहेरच्या हवेचा १ बार मोजत नाही; तो धरला तर ३ बारचे १.५ होतात). दाब पाव झाला की प्रवाह निम्मा होतो. म्हणून टाकी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि अधूनमधून चार-सहा हात मारत राहा. उन्हात ठेवलेला, पिवळा पडलेला, कडेला पांढुरक्या रेषा उमटलेला स्प्रेयर मोडीत काढा.

पीव्हीसी पाइपला दोन्हीकडे टोप्या चिकटवून टाकी केली तर?

नाही. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. हवेखाली पीव्हीसी चिरत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात, आणि त्या धारदार असतात.

शीतपेयाची बाटली? कुकर? फ्रीजच्या गॅसचं रिकामं नळकांडं?

बाटली नवी असताना बराच दाब सोसते, हे खरं. पण कूलंट अल्कधर्मी असतं आणि ताणाखाली असलेल्या पीईटी प्लास्टिकला अल्कलीने बारीक तडे जातात, विशेषतः तळाशी. दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी तळ सुटतो.

कुकर साधारण १ बारसाठी केलेला असतो आणि त्याची सगळी सुरक्षा वाफेच्या हिशेबाने आखलेली असते. ॲल्युमिनियमचा असेल तर अल्कधर्मी कूलंट त्याला खात राहतं. त्यातून झाकणाला आणखी दोन भोकं पाडायची म्हणजे उरलीसुरली खात्रीही घालवायची.

फ्रीजच्या गॅसची एकदाच वापरायची नळकांडी पातळ पत्र्याची असतात, आत ओलावा शिरला की गंजतात. स्वयंपाकाच्या गॅसच्या नळकांड्याला तर हातच लावू नका, उरलेला गॅस ड्रिलच्या ठिणगीची वाट पाहत असतो. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक प्रचंड दाबाचं असतं, तेही उघडायचं नाही. कोरड्या पावडरचं नळकांडं पुन्हा वापरायचा मोह होतो, पण राहिलेली पावडर ओली झाली की गंज धरवते.

पाणी शुद्ध करायच्या यंत्राची गोल दाबटाकी वापरता येईल का? तिच्यात तर हवा आणि पाणी वेगळं असतं.

कल्पना चांगली आहे. आत रबरी फुगा असतो, रिकामी असताना हवेचा दाब साधारण ०.५ बार ठेवलेला असतो, आणि द्रवाचा हवेशी संबंध येत नसल्याने फेसही होत नाही. पण फुगा बहुधा ब्युटाइल रबराचा असतो आणि खनिज तेलात तो फुगून मऊ पडतो. तेलविरहित, पूर्ण सिंथेटिक कूलंट असेल तर वापरा. दुधाळ सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचं तेल) असेल तर नको.

कॉम्प्रेसरपासून नोझलपर्यंत काय काय आणि कोणत्या क्रमाने लावायचं?

आधी बॉल वॉल्व्ह, मग पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग ० ते ४ बारचा रेग्युलेटर. साध्या कामाला ० ते १० चा रेग्युलेटर घेऊ नका, खालच्या टोकाला तो धड बसत नाही. रेग्युलेटरनंतर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. एक फाटा सरळ नोझलच्या हवेकडे. दुसरा फाटा टाकीकडे, आणि या फाट्यावर आधी १ मिमी भोकाचा अडथळा, मग नॉन-रिटर्न वॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा).

हा १ मिमीचा अडथळा पुष्कळ जण गाळतात. रेग्युलेटर निकामी होऊन ७ बार आले तरी १ मिमीच्या भोकातून मिनिटाला ६०-७० लिटर हवा जाते, तेवढी पाव इंची सेफ्टी वॉल्व्हला सहज झेपते. अडथळा नसेल तर वॉल्व्ह उघडूनही टाकीतला दाब चढत राहू शकतो.

नॉन-रिटर्न वॉल्व्ह नसेल तर कॉम्प्रेसर रिकामा केल्यावर टाकीतलं कूलंट उलटं फिरून रेग्युलेटरमध्ये शिरतं. पण तो लावल्यावर एक नवीन भानगड होते: रेग्युलेटर मागे फिरवला तरी टाकीचा दाब उतरत नाही, कारण हवेला परतीची वाट बंद झालेली असते. म्हणून टाकीवर हाताने हवा सोडायचा वेगळा कॉक हवाच.

टाकीच्या डोक्यावर चार गोष्टी: हवेचं तोंड, ० ते ४ बारचा काटा, २.५ बारला उघडणारा सेफ्टी वॉल्व्ह आणि तो हवा सोडायचा कॉक. सेफ्टी वॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कुठलाही वॉल्व्ह लावायचा नाही. हवेचं तोंड वरच्या मोकळ्या जागेत उघडलं पाहिजे, कूलंटमध्ये बुडता कामा नये, नाहीतर बुडबुडे निघून फेसच फेस.

द्रवाच्या बाजूला तळापासून १० ते १५ मिमी वर थांबणारी नळी, म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही. मग १०० मायक्रॉनची जाळी, ४ मिमी बाहेरच्या व्यासाची नायलॉनची नळी, सोलेनॉइड (विजेने उघडणारा वॉल्व्ह) किंवा साधा कॉक, नीडल वॉल्व्ह (प्रवाह बारीक आवळणारा), नोझल. टाकी पाऊण भागापेक्षा जास्त भरायची नाही.

एकच रेग्युलेटर पुरतो की हवेला आणि टाकीला वेगळे हवेत?

एकाने काम होतं आणि एक फायदाही मिळतो: हवा वाढवली की टाकीचा दाबही तेवढाच वाढतो, प्रमाण फारसं बिघडत नाही. पण ज्या नोझलमध्ये हवा आणि कूलंट आतच मिसळतात, तिथे मिसळायच्या जागेतला दाब टाकीपेक्षा वरचढ झाला तर हवा कूलंटच्या नळीतून उलटी टाकीकडे चालू लागते. पारदर्शक नळीत बुडबुडे मागे जाताना दिसले की हेच समजा. तेव्हा दोन रेग्युलेटर लावा आणि टाकी हवेपेक्षा ०.२ ते ०.३ बार वर ठेवा.

नीडल वॉल्व्हची खरंच गरज आहे? नोझलचं भोक बारीक केलं तर?

१ मिमीच्या भोकातून १ बारला मिनिटाला सुमारे ४०० मिली द्रव जातो. ०.३ मिमीचं भोक केलं तरी ३५ मिलीच्या आसपास, आणि ते भोक पहिल्याच कचऱ्याने बुजतं. फवाऱ्याला लागतं मिनिटाला २ ते ५ मिली. भोक ०.८ ते १ मिमीचं ठेवा आणि प्रवाह बारीक आट्याच्या नीडल वॉल्व्हने आवळा. मोजायला सोपी खूण: हवा बंद ठेवून नोझलमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर ते मिनिटाला साधारण ३ मिली. या हिशेबाने ५ लिटर २५ तासांच्या वर चालतं.

पहिल्यांदा दाब देण्याआधी चाचणी कशी करायची?

पाण्याने, हवेने नाही. टाकी काठोकाठ भरा, तिरकी करून राहिलेली हवा बाहेर काढा. सेफ्टी वॉल्व्हच्या जागी प्लग लावा आणि हाताच्या चाचणी पंपाने वापरायच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. २ बारवर चालवायची तर ३ बार. काटा अर्धा तास हलता कामा नये. हवा आत नसल्याने काही सुटलंच तर पाणी पिचकारीसारखं येतं आणि दाब लगेच पडतो. मग प्लग काढून सेफ्टी वॉल्व्ह परत बसवा (हे विसरणारे आहेत), ०.५ बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. शेवटी रेग्युलेटर सावकाश वाढवत सेफ्टी वॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो का ते डोळ्यांनी पाहा. तो न उघडता काटा २.७ च्या पुढे गेला तर थांबा, वॉल्व्ह बदला.

ओ-रिंग आणि नळ्या कोणत्या?

ओ-रिंगा, म्हणजे जोड गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या, नायट्राइल किंवा व्हायटॉन रबराच्या. ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम, पण तेलात फुगतं. केगच्या मूळ रिंगा कधी कधी त्याच असतात, त्या बदला. जस्ताचा मुलामा दिलेले जोड अल्कधर्मी कूलंटमध्ये पांढरी पावडर सोडतात आणि जाळी बुजवतात. स्वस्त पॉलियुरेथेन नळ्या पाण्यात काही महिन्यांनी चिकट होऊन तडकतात, नायलॉन किंवा पॉलिथिन बरं. फिल्टरची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची वाटी कूलंटच्या बाजूला कधीही नको, रसायनांनी ती दाबाखाली फुटते.

सोलेनॉइड लावला, पण उघडतच नाही.

तो बहुधा पायलट प्रकारचा आहे. अशा वॉल्व्हला उघडायलाच दोन बाजूंच्या दाबात ०.३ ते ०.५ बारचा फरक लागतो. थेट उघडणारा, वीज नसताना बंद राहणारा, २४ व्होल्ट डीसीचा घ्या आणि कॉइलला उलटा डायोड लावा, नाहीतर बंद होतानाचा झटका कंट्रोलरला बसतो. सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर) फवाऱ्याची आज्ञा नेहमी एम ७ ची, धो धो कूलंटची एम ८ ची आणि दोन्ही बंद करायची एम ९ ची.

बंद केल्यावरही नोझल मिनिटभर ठिबकत राहतं.

वॉल्व्ह आणि नोझल यांच्यामधल्या नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय. दाब गेला की तो पसरतो आणि पुढचं कूलंट ढकलतो. वॉल्व्ह नोझलपासून १५-२० सेमीच्या आत आणा, नळी कुठेही वर-खाली वळसे न घेता चढती ठेवा.

फवारा फुत्कारत येतो, मध्येच कोरडा, मध्येच ओला.

आधी टाकी रिकामी झालेली नाही ना ते पाहा. असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. नसेल तर संशय टाकीच्या आतल्या नळीवर घ्या. तिच्या वरच्या जोडाला सुईएवढी फट असली तरी आत दाबलेली हवा त्या फटीतून नळीत शिरते आणि कूलंटबरोबर बाहेर येते. बाहेरून गळती कुठेच दिसत नाही, साबणाचं पाणीही काही सांगत नाही, आणि लोक नोझल बदलत बसतात. ओळखायची खूण म्हणजे कूलंटची पातळी त्या जोडाच्या वर असताना फवारा ठीक येतो, जोडाखाली गेली की फुत्कार सुरू. नळी काढून एक टोक बंद करा, पाण्यात बुडवून फुंका.

कूलंट किती तीव्रतेचं, आणि ते नासल्यासारखं का होतं?

सोल्युबल ऑइल ५ ते १० टक्के. एक लिटर तेलाला १९ लिटर पाणी म्हणजे ५ टक्के. नेहमी तेल पाण्यात ओता, ढवळत ढवळत. पाणी तेलात ओतलं तर उलटं मिश्रण होऊन दह्यासारखे गोळे बनतात. जड पाण्यातले क्षार तेलाला वेगळं करतात, वर साय धरते आणि तीच जाळीत अडकते. शुद्ध केलेलं पाणी वापरा, पण फार मऊ पाण्यात फेस जास्त होतो हेही लक्षात ठेवा. ताज्या कूलंटचा पीएच साधारण ८.५ ते ९.५ असतो. त्याच्या बराच खाली गेला किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. नासलेलं कूलंट धो धो वाहत असताना नुसतं घाण वाटतं. फवाऱ्यातून मात्र त्यातले जंतू थेट फुफ्फुसात जातात.

केरोसीन किंवा स्पिरिट भरता येईल? ॲल्युमिनियमला छान चकाकी येते म्हणतात.

दाबाच्या टाकीत अजिबात नाही. स्पिरिटची वाफ १३ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, आणि केरोसीनचा फवारा केरोसीनच्या ज्वलनबिंदूखालीही पेटतो, कारण बारीक थेंब वातीसारखे जळतात. त्यातून तुम्ही त्याच्या डोक्यावर दाबलेली हवा ठेवणार आणि समोर गरम कीस. चकाकी हवी असेल तर ब्रशने दोन थेंब लावा. मॅग्नेशियमवर पाण्याचं कूलंटही नको, त्याच्या किसातून हायड्रोजन निघतो.

पोलाद मिल करताना फवारा हवा का?

कार्बाइडचं टूल असेल तर बहुतेक वेळा नुसती हवा पुरते. फवाऱ्यात प्रत्येक दात कापताना तापतो आणि बाहेर येताच थंड पाण्याने दचकतो, त्यातून धारेला आडवे तडे पडतात. फवारा दिलाच तर सलग द्या, मध्येच सुरू-बंद नको. ॲल्युमिनियमला मात्र तो हवाच, कारण तिथे प्रश्न उष्णतेपेक्षा धारेला धातू चिकटण्याचा असतो.

खोलीतल्या हवेचं काय?

अमेरिकेतल्या निऑश संस्थेने कूलंटच्या फवाऱ्यासाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. दिव्याच्या उजेडात धुक्याचा पट्टा दिसत असेल तर प्रवाह जास्त आहे. आधी नीडल वॉल्व्ह आवळा, मग हवेचा दाब उतरवा, आणि तरीही दिसला तर मशीनला पडदा आणि ओढणारा पंखा लावा. नोझल टूलपासून ३ ते ७ सेमीवर, कीस जिकडे उडायला हवा त्या दिशेने.

रात्रभर टाकी दाबाखाली राहिली तर चालेल?

नाही. काम संपलं की बॉल वॉल्व्ह बंद, टाकीचा कॉक उघडा, काटा शून्यावर. कॉक एकदम उघडू नका, विरघळलेली हवा बाहेर येऊन फेस वरपर्यंत चढतो आणि तोंडावर येतो.